बाभळीच्या कुंपणातली फट

उजेड आधी शेजारच्या पत्र्यांवर उतरला आणि काही वेळ तिथेच थांबला. मग भिंतीवरून घसरत तो परसात आला. लिंबोणीच्या पानापानाला स्पर्श करीत, मेथीच्या वाफ्यांवरून, पालथ्या घातलेल्या घागरींवरून बाभळीच्या वाळल्या कुंपणापर्यंत पोहोचला. एकेक काटा पांढरा उजळला. लातूरचा नवा जिल्हा झाला होता, कचेऱ्यांवर नव्या पाट्या चढल्या होत्या. पाऊस मात्र यंदाही आला नव्हता. अशा दिवसांत सकाळ इतकी सुंदर कशी असू शकते, याचे भुजंगला भय वाटे.

"भुजंगा, उजेड बघून झाला असंल तर खाली बघ," शेषेराव म्हणाले.

शेषेराव पोलिसातले निवृत्त जमादार. आता खाजगी तपास करीत. कलेक्टर कचेरीतला कारकून भुजंग सुट्टीच्या दिवशी त्यांच्यासोबत हिंडे. आजचा तपास मात्र त्याच्याच घरी होता.

"भाऊजी, भांडी धुतलेलं पाणी घालून ही मेथी जगवली," त्याची आई पार्वतीबाई म्हणाली. "मांजरं रोज उकरून टाकतात. म्हणून काटे लावले, शेतावर लावतात तसे. बुंधे आत, शेंडे भाईर. तरी रोज सकाळी हितं फट! हे काम त्या शेजारच्या व्यंकटरावाचंच. आज सांजंपर्यंत चोर घावला न्हाई, तर भाकरीत उंदराचं औषध कालवून ठेवते. मग मरू देत त्याची मांजरं."

शेषेराव उकिडवे बसले. बाजूला सारलेल्या दोन फांद्या कुंपणाच्या आत पडल्या होत्या. मातीत त्यांच्या ओढल्याच्या रेघा होत्या. शेंड्यांचा एकही काटा मोडलेला नव्हता. लिंबोणीखाली एक खापर होते. त्यांनी ते उचलले. खालची माती ओली होती.

भिंतीपलीकडून व्यंकटराव डोकावला. "जमादार, मी कशाला काटे उपसू? मांजरं काय माझ्या पायजम्याची नाडी हायत का, बांधून ठेवायला?"

"हात दाखवा."

व्यंकटरावाने दोन्ही तळवे पुढे केले. एकही ओरखडा नव्हता.

"धुतले असतील!" पार्वतीबाई पुटपुटली.

"ओरखडे धुऊन जातात व्हय, वहिनी?" शेषेराव हसले आणि घरात शिरले.

आत कॉटवर भुजंगचे वडील लिंबाजी पडून होते. दुष्काळामुळे शिरूर अनंतपाळचे घर बंद करून भुजंगने आईवडिलांना लातूरला आणले, तेव्हापासून त्यांनी अंथरूण धरले होते. डॉक्टरांना काही सापडले नव्हते. म्हणजे आजार खोल आहे, असे भुजंग सर्वांना सांगे.

"लिंबाजीराव, पाणी पिता का न्हाई?"

"भरला तांब्या रोज रिकामा करतात," पार्वतीबाईच म्हणाली, "तरी ओठ बघा कसे फुटलेत."

शेषेरावांनी वाकळ सारखी केली. धोतराच्या काठात अडकलेला एक पांढरा काटा त्यांनी अलगद काढला. धोतर कुंपणावर वाळत घातले असेल, भुजंगच्या मनात आले.

परसात येऊन शेषेरावांनी व्यंकटरावालाही बोलावले.

"भाईरून फट पाडायची तर शेंड्यात हात घालावा लागतो. काटे मोडतात, हात फाटतो, अन् फांदी भाईरच येती. ह्या फांद्या बुंध्याला धरून आत ओढल्यात. म्हंजी चोर घरातला हाय."

"म्हंजी मी?"

"तुम्ही असता तर मला कामून बोलावलं असतं? वहिनी, आभाळातून टिपूस न्हाई, मग खापराखाली ओल कशाची? घरात रोज तांब्या रिकामा होतो, पिणाऱ्याचे ओठ कोरडे. अन् जो कॉट सोडत न्हाई, त्याच्या धोतराला हा बाभळीचा काटा."

"काका, दादांना उठता येत नाही," भुजंग म्हणाला. "डॉक्टर..."

"मागं बघ."

दारात लिंबाजी उभे होते, हातात तांब्या. ते सरळ चालत आले आणि खापरात पाणी ओतून मागे सरले.

प्रथम फटीतून एक काबरी मांजर आली. मागून एक आंधळा बोका, मग पोटुशी पांढरी. एक पीत असताना बाकीची अंग चोरून बसून राहिली. कोणी गुरगुरले नाही, कोणी घाई केली नाही. देवळात माणसे अशी थांबत नाहीत. व्यंकटरावाने नकळत डोक्यावरची टोपी काढली. इतकीशी तहान, आणि तिच्याभोवती एवढी शांतता!

"पाणी भाईर ठेवलं तर कुत्री पिऊ देत न्हाईत," लिंबाजी म्हणाले. "गावाकडं कुलूप लावलं तवा आपली मनी उंबऱ्यावर बसली होती. तिला पाणी कोण ठेवत असंल?"

पार्वतीबाई आत गेली, औषधाची पुडी आणून तिने शेषेरावांच्या हातात दिली. "हे घेऊन जा, भाऊजी. पर माझी मेथी?"

"काटे कुंपणाला नको, वाफ्यावरच आंथरा. उकरायला जागा ऱ्हाणार न्हाई. पाण्याची वाट तेवढी मोकळी ठेवा."

भुजंग वडिलांजवळ गेला. "दादा, कधीपासून चालता?"

"चालणं कवा सुटलं होतं, लेकरा? जायाला जागा न्हवती."

भुजंगने मान खाली घातली. दादा आजारी नव्हते. त्यांना येथे राहायचे नव्हते.