गेशेचे तीन वाजले

गरम रमचा ग्रॉग संपवा आधी, मग सांगतो. आणि लेव्के, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. ही आपल्या मोम्मेची हकिकत आहे. मला त्यानं ती एकदाच सांगितली, पुन्हा विचारायची माझी छाती नाही.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या सव्वीस तारखेला, शनिवारी सकाळी, मी त्याला गाडीतून हूसुम स्टेशनवर सोडलं. दोन रात्रींसाठी ल्यूबेकला निघाला होता. हातात एक बॅग आणि खिशात गेशेचे कागद.

गेशे म्हणजे त्याची बायको. ल्यूबेकचा बेत तिचा, अकरा वर्षांचा. दर वसंतात कागद काढून बसायची. कुठली गाडी, होडीची फेरी किती वाजता, बदामाचं मार्झिपान कुठल्या दुकानातून, कुठल्या बोळात मान वाकवून शिरायचं. मोम्मेच्या मेंढ्या समुद्राच्या बांधावर चरायच्या, त्यामुळे त्याचं उत्तर ठरलेलं, "पुढच्या वर्षी नक्की."

"मग मेंढ्यांनाच ने," ती म्हणायची. "मी इथे गवत खाते."

गेल्या वर्षी तिनं त्याला न विचारताच खोली ठरवली. रात्रही मुद्दाम निवडली. हिवाळ्यासाठी रात्री तीनला घड्याळं परत दोनवर नेतात ना, ती. म्हणाली, "एक तास वरचा मिळतोय. तो मला दे. काही करू नकोस, नुसता बस माझ्याजवळ." तो हो म्हणाला. सप्टेंबरच्या बारा तारखेला बशा पुसता पुसता ती कोसळली. तो बांधावर होता.

मी म्हटलं, खोली रद्द कर. तर म्हणतो, "तिनं ठरवलंय ना." त्याला तिला एकच सांगायचं राहिलं होतं. माफ कर. दफनाच्या दिवशीही ते तोंडातून फुटलं नाही. ल्यूबेकला गेलो तर निदान तिथे तरी फुटेल, असं त्याच्या मनात होतं.

दिवसभर तो तिच्या कागदांप्रमाणे भटकला. रात्री दहाला खोलीवर आला आणि आपल्याकडची शहाणी माणसं करतात तेच त्यानं केलं. झोपण्याआधीच मनगटावरचं घड्याळ एक तास मागे करून टाकलं. सकाळसाठी काम कशाला ठेवा? मीही तेच करतो. तुम्हा मोबाइलवाल्यांना काय कळणार त्यातलं!

मग त्याला जाग आली. घड्याळात एक वाजला होता. बाहेर पाऊस.

दारावर टकटक.

"मोइन," बाहेरून आवाज आला.

असं दार वाजवून, नमस्काराचं मोइन असं म्हणणारं एकच माणूस त्याच्या आयुष्यात होतं. त्यानं दार उघडलं.

गेशे. अंगात रेनकोट. कोरडा. त्या पॅसेजमधला दिवा माणूस आलं की आपोआप लागतो. तो लागला नव्हता.

"आत घेतोस, की मेंढ्यांना विचारून येतोस?"

ती येऊन पलंगावर बसली. गादी दबली नाही. तो शेजारी बसला. घाबरून पळेल कुठे? बायको होती ती त्याची.

"किती वेळ आहेस?"

"तीनपर्यंत."

त्यानं घड्याळ पाहिलं. म्हणजे दोन तास. पुष्कळ झाले. माफीचं शेवटी बोलू, असं त्यानं ठरवलं. गाढव! आधी दुसऱ्या दिवसाचा बेतच काढून बसला. होडी साडेदहाची...

"अकराची घे. साडेदहाला तुझी कॉफी तरी संपते का?"

दोघं हसले. मग बराच वेळ... नुसते बसून होते. तिला हवं होतं तसं.

ती उठली.

"कुठे?"

"तीन वाजले."

"दोन... दोनच वाजलेत. हे बघ."

"तुझे." तिनं त्याच्या घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी उन्हाळी वेळेतच गेले, मोम्मे. माझं घड्याळ कोण मागे करणार?"

"थांब. गेशे, मला... तुला..."

दार लागलं.

मग बोलला तो. धावत बाहेर येऊन, अंधाऱ्या पॅसेजमध्ये, खालची माणसं जागी होतील इतक्या मोठ्यानं. माफ कर. माफ कर मला. तेव्हा दिवा लागला. त्याच्यासाठी.

हे सांगताना तो ढसाढसा रडला, बासष्ट वर्षांचा गडी. मीही रडलो. लाज कसली त्यात?

सोमवारी किल्ली द्यायला तो खाली गेला. मालकीणबाई, फ्राऊ टीडेमान, म्हणाल्या, "पुढच्या वर्षीचंही लिहून ठेवलंत, बरं केलंत."

"कुणी लिहिलं?"

त्यांनी नोंदवही त्याच्यापुढे सरकवली. तुमच्यासारखे हसतील म्हणून पुढच्या आठवड्यात मी स्वतः जाऊन ती पाहून आलो. वही रोज रात्री कुलपात असते, बाई म्हणाल्या. पेन्सिलीनं एकच ओळ होती. अक्षर गेशेचं. चाळीस वर्षं तिची नाताळची कार्डं घरी येत होती, मी चुकणार नाही.

शनिवार, पंचवीस ऑक्टोबर. म्हणजे आज, पुन्हा घड्याळं मागे न्यायची रात्र.

खोली दोघांसाठी.