परत गेलेल्या गाड्या

दयाराम डाळमिलच्या वजनकाट्याच्या खोलीत शिरला, तेव्हा कोकिळा संगणकाला हातपंख्यानं वारा घालत होती.

"राहू द्या ते," तो हसला. "उकाड्यानं नाही बंद पडत तो."

"मंग कायनं पडते? तेच सांगाले आले ना तुम्ही पुण्याहून?"

१९९१ चा मार्च. नांदुऱ्याच्या या मिलमध्ये तुरीच्या प्रत्येक गाडीची नोंद एक प्रोग्राम करायचा. तो रात्रंदिवस चालू असे. पण दर चार-पाच दिवसांनी मंदावत जाई आणि बसे. मग फाटकाबाहेर गाड्यांची रांग. मालक उत्तमरावांनी सांगून टाकलं होतं – आठवड्यात दुरुस्त झाला नाही, तर संगणक परत आणि ऑपरेटर कोकिळाही घरी, वडनेर भोलजीला.

दयाराम दोन दिवस कोड वाचत बसला. प्रोग्राम मेमरी घेतो आणि सोडत नाही, एवढं कळलं. कुठे, ते सापडेना.

तिसऱ्या दिवशी चहा पुढे करत कोकिळा म्हणाली, "एक बोलू? ओली तूर जास्त आली ना… की हा लवकर बसते."

"ओल्या तुरीचं काय करता?"

"गाडी परत. पावती निघतच नाही तिची."

तो पाहतच राहिला. प्रत्येक गाडीसाठी घेतलेली मेमरीतली जागा प्रोग्राम पावती छापल्यावरच मोकळी करत होता. परत गेलेल्या गाड्यांची जागा तशीच अडकून राहत होती.

"अहो… असे काऊन पाहून राह्यले?"

"मले हे दोन दिवसांत –" तो थांबला. आपलं गाव, धामणगाव बढे, सोडल्यापासून 'मले' तोंडात आलं नव्हतं.

त्यानं दुरुस्ती केली आणि उत्तमरावांना सांगितलं, खात्रीसाठी पाच दिवस थांबावं लागेल. ते पाच दिवस दोघं काट्याजवळ बसून होते. बोलणं तुरीचंच, मधूनच एखादी नजर, लगेच वळवलेली.

प्रोग्राम बसला नाही. दयारामनं बॅग उचलली… खाली ठेवली.

"कोकिळा, मी खोटं बोललो. हजार खोट्या गाड्या प्रोग्राममध्ये टाकल्या असत्या, तर तासाभरात कळलं असतं."

"मालूम आहे. पहिल्याच दिवशी तुम्ही गेल्यावर दोन हजार टाकल्या मी. साऱ्या परत पाठवल्या."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"तुम्ही गेले असते…" ती पावत्या उगाच सारख्या करू लागली.

"आज येऊ वडनेरले? तुमच्या बाबाले भेटाले?"

"आज नोका. आधी मले आईच्या कानावर घालू द्या." मग हळूच, "उद्या या."

दयाराम स्टेशनवर गेला आणि संध्याकाळच्या गाडीचं तिकीट रद्द करून आला.