तिसऱ्या खेपेचे पोहे

तांदूळ शिजवावा लागतो. पोह्यांवर मात्र नुसतं पाणी शिंपडलं तरी ते मऊ होतात. पोहे तर तांदळाचेच असतात, मग असं का?

हा प्रश्न शाल्मलीला पडला, तेव्हा तिच्या आबांच्या स्वयंपाकघरात यंत्रमानवाने दुसऱ्यांदा पोह्यांचा भुगा केला होता.

शाल्मली अकरा वर्षांची. तिचे आबा, म्हणजे सुहास केळुसकर, पेणला राहत. रोजच्या वापरातल्या बावीस वस्तू कशा तयार होतात, हे सांगणारं एक पुस्तक त्यांनी तीस वर्षांपूर्वी लिहिलं होतं. आता ते चंद्रावरच्या वसाहतीतल्या शाळेत जायचं होतं. तिथे दुकानं नव्हती. मुलं पुस्तक वाचून त्याप्रमाणे वस्तू करणार होती. म्हणून पाठवण्याआधी प्रत्येक प्रकरण तपासलं जाई. त्यासाठी आलेल्या यंत्रमानवाचं नाव शाल्मलीने ठेवलं होतं पडताळ्या. पुस्तकात लिहिलंय तेवढंच तो करायचा. प्रत्येक वस्तूला तीन खेपा मिळत.

"नोंद," पडताळ्या म्हणाला. "साळ (टरफलासकट तांदूळ) रात्रभर भिजवली. निथळली. गरम वाळूत भाजली. वाळू चाळून काढली. दाणे निववले. रुळांमध्ये दाबले. भुगा अठ्ठ्याण्णव टक्के. पोहे दोन टक्के, आणि तेही मी सढळ हाताने मोजले."

आबा खुर्चीत बसले होते. "तिसरी खेप राहू दे," ते म्हणाले. "मी पुस्तकच परत घेतो."

"एक प्रकरण चुकलं म्हणून?"

"एक चुकलेलं कळलं, शाल्मली. बाकीची एकवीस कशावरून बरोबर आहेत?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. चार जिने चढून आल्यावर माणूस बोलतो तसे ते बोलत होते. "तिथल्या मुलांनी माझ्यावर विसंबायचं आणि हातात भुगा यायचा. त्यापेक्षा नकोच."

"पण तुम्ही पोहे होताना पाहिले होते ना?"

"पाहिले होते," आबा म्हणाले. "दारातून."

"आत का नाही गेलात?"

"गिरणीतल्या बाई कामात होत्या. यंत्राचा आवाज होता. उगाच कशाला त्रास द्यायचा, म्हटलं." मग हळूच म्हणाले, "विचारायची लाज वाटली गं. दारातून एक पसरलेला ढीग दिसला. मला वाटलं, दाणे निवत ठेवलेत."

"ती गिरणी अजून आहे?"

"आहे. मागच्या रस्त्याला."

"आबा! दहा मिनिटांवर?"

शाल्मलीने त्यांच्या चपला आणून पायांपुढे ठेवल्या.

पोह्यांच्या गिरणीत वैजयंताबाई म्हात्रे घामाने डबडबल्या होत्या. "या, या. केळुसकर ना तुम्ही? पूर्वी दारात येऊन उभे राहायचात. मला वाटायचं, मी वजनात मारते का ते बघायला आलेत."

आबा कानापर्यंत लाल झाले. शेवटी शाल्मलीनेच विचारलं, "मावशी, भाजल्यावर दाणे निववता का?"

"निववले तर दाबायचे कसे? खडे होतील त्यांचे. कोणी सांगितलं तुला?"

"पुस्तकात आहे."

"कुठल्या शहाण्याने लिहिलंय?"



"मी लिहिलंय," आबा म्हणाले.

वैजयंताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि भट्टीतून मूठभर दाणे फरशीवर टाकले. वाफ निघाली. बत्त्याने एक दाबला. टरफल फुटलं आणि आत पांढरा, चपटा पोहा दिसला. "आता बाकीचे निवू दे." थोड्या वेळाने त्यांनी दुसरा दाबला. कट् करून त्याचा चुरा झाला.

"मग तो पसरलेला ढीग?" आबांनी विचारलं.

"ते तयार पोहे हो! गरम भरले तर पिशवीत घाम धरतात."

आबा त्या चुऱ्याकडे बघत राहिले. मग शाल्मलीला सांगू लागले. "तांदळात पिष्ट (पांढरा, पिठूळ भाग) असतं. त्याचे अगदी बारीक कण असतात. कोरडे असताना ते कडक असतात. पाणी आणि उष्णता दोन्ही मिळाली की ते पाणी शोषून फुगतात, मऊ होतात. त्यालाच आपण शिजणं म्हणतो. साळ भिजवली की पाणी आत जातं. गरम वाळू उष्णता देते."

"म्हणजे दाणा टरफलाच्या आतच शिजतो? टरफल म्हणजे त्याचा कुकर!"

"हो. पण निवला, वाळला, की पुन्हा कडक. म्हणून दाबायचं ते गरम असतानाच."

शाल्मलीने टाळी वाजवली. "म्हणून पोहे शिजवावे लागत नाहीत! ते आधीच शिजलेले असतात. आणि पातळ असतात, म्हणून पाणी लगेच आतपर्यंत जातं!"

"एवढं सगळं ठाऊक होतं, तर निववले कशाला?" वैजयंताबाईंनी विचारलं.

"हे वाचलं होतं," आबा म्हणाले. "ते दारातून पाहिलं होतं. दोन्ही जोडून बघितलंच नाही."

घरी येऊन त्यांनी एक वाक्य खोडलं आणि नवं लिहिलं. पडताळ्याने ते वाचलं. तिसऱ्या खेपेची साळ भिजून तयार होतीच. या वेळी रुळांतून पोहे पडले. थोडे जाड, थोडे वेडेवाकडे, पण पोहे.

आबा हसले नाहीत. पुस्तक उघडून ते एकेका प्रकरणावर खूण करत गेले. "ही पंधरा मी जवळून पाहिलेली. ही सात नाही. मेणबत्ती, आगपेटी, खडू..."

"ती काढून टाकणार?"

"मजकूर काढणार, जागा नाही." त्या सात प्रकरणांच्या जागी त्यांनी एकेक पान घातलं. प्रत्येकावर लिहिलं : हे मी आत जाऊन पाहिलेलं नाही. पाहून कळवतो. तोवर तुम्हाला काही सुचलं, तर मला सांगा.

पुढच्या काही दिवसांत पडताळ्याने जवळून पाहिलेली बाकीची चौदा प्रकरणंही करून पाहिली आणि मग पानं उलटली. "नोंद. पुस्तक अपुरं आहे. पाठवायला योग्य आहे."

पडताळ्याने टिपलेलं पुस्तक रेडिओलहरींनी गेलं. चंद्रापर्यंत पोचायला त्याला सव्वा सेकंद लागला.

आबांनी डोळे मिटले. ते फार थकलेले दिसत होते. शाल्मलीला वाटलं, झोपले. पण त्यांनी फोन उचलला, बराच वेळ नुसता हातात धरला आणि मग नंबर लावला.

"नमस्कार. मेणबत्तीचा कारखाना ना? मी केळुसकर. तुम्हाला वेळ असेल तर..." ते अडखळले. शाल्मलीकडे न बघता त्यांनी घसा साफ केला. "नाही, म्हणजे वेळ नसला तरी. मला एक विचारायचं होतं."