कागदावरची भिंत

"आपल्याच खात्यातल्या एका ड्रायव्हरच्या बाबतीत घडलंय हे," बांधकाम खात्यात रस्त्याचा रोलर चालवून निवृत्त झालेले काका अंधारात नव्या पोरांना म्हणाले. "हसायचं तर साहेबाला हसा."

तो साहेब राज्य मार्गाच्या शंभर वर्षांचा इतिहास लिहीत होता. खुर्चीत बसून! आधी गाडीवाट, मग टेकडीला वळसा घालून पुलावर जाणारी सडक. पूल पुरात तुटला, तेव्हा टेकडी फोडून सरळ रस्ता काढला. जुन्या वळणावर 'पुलाआधी भिंत बांधून वाहतूक बंद' असं या पठ्ठ्यानंच रजिस्टरला लिहिलं होतं. वीट एक लावली नव्हती. पण सह्या ठोकून ठोकून त्याला स्वतःचीच थाप खरी वाटायला लागली होती.

सतरा नोव्हेंबर, मंगळवार. पुस्तिकेला जुन्या वळणापलीकडच्या मैलाच्या दगडाचा फोटो हवा होता. दुपार घोरण्यात घालवून स्वारी संध्याकाळी साडेसातला निघाली. धुकं पडलं होतं. वळणावर ड्रायव्हरनं जीप थांबवली.

"साहेब, पुढं पूल तुटलाय."

"मग आधी भिंत लागेल की! चल."

"भिंत नाहीये, साहेब. म्हणून तर माझा मेहुणा गेल्या पावसाळ्यात मोटरसायकलसकट खाली गेला."

"प्यायला असेल. सरक, मी चालवतो."

साहेबानं स्टिअरिंग धरलं. जीप सुसाट. ड्रायव्हरनं डोळे मिटले. बहीण आठवली. बायको आठवली…

धाड!

दिव्यांत भिंत. छातीएवढी. ओली.

"बघ! होती ना?" साहेब खेकसला.

ड्रायव्हरनं कान दिला. पलीकडून गवंड्याच्या थापीचा आवाज येत होता. टक… टक…

पलीकडे जमीनच नव्हती.

मग साहेबालाही ऐकू आलं. तो काही बोलणार, तोच…

दिवे विझले.

रात्र दोघांनी जीपमध्येच काढली. उजाडलं तेव्हा भिंत नव्हती. पुढची चाकं कड्यापासून वीतभर अलीकडे. साहेबाची बोबडी वळली होती, तरी म्हणाला काय, "रजिस्टरला लिहिलंय तेच खरं." भिंतीनं असल्या माणसाला वाचवलं, याचाच ड्रायव्हरला राग आला.

बंपर चेपला होता. त्यावर सिमेंट, आणि सिमेंटात पंजा उठलेला. चारच बोटांचा. मेहुण्याचं एक बोट खडीच्या मशीनमध्ये गेलं होतं. ड्रायव्हर तिथंच बसून ढसाढसा रडला. साहेबानं "पुसून टाक" म्हटलं, तेव्हा त्यानं पहिल्यांदा हुकूम मोडला.

जीप पुढं भंगारात गेली. बंपर ड्रायव्हरच्या घरी आहे. बारा वर्षं झाली. बोट लावलं तर सिमेंट अजून ओलं लागतं.