उंबऱ्याखालचा वाडगा

हसायचं तर हसा, पण यातलं एक अक्षरही खोटं नाही. मी तिथे होतो. चूकही माझीच होती.

१९७४ चा एप्रिल. इराकमधलं अमारा गाव. भर दुपार.

माझी थोरली बहीण सिमत बाळंत होऊन तीन दिवस झाले होते. आधीची दोन मुलं आठवड्याच्या आत गेली होती. हा तिसरा कालपासून दूध ओढत नव्हता.

आम्ही मंदाई, म्हणजे इराकमधल्या एका जुन्या, छोट्या धर्माचे लोक. आमच्या धर्मगुरूंनी मातीच्या वाडग्यात आतून तान्ही बाळं नेणाऱ्या लिलिथचं नाव आणि तिला घरापासून तोडणारा घटस्फोट लिहून, तो उंबऱ्याखाली पालथा पुरला होता. पालथ्या वाडग्यात ती कोंडली जाते.

मी बगदादला प्राचीन भाषा शिकत होतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला! ताईची भीती घालवायला मी उंबरा उकरला आणि वाडगा तिच्यापुढे सरळ ठेवला.

"लोक म्हणतात लिलिथ म्हणजे रात्रीची बाई. पण त्याआधी बाबिलोनमध्ये ती लिलितू होती. त्याच्याही आधी सुमेरी लोकांचा लिल. म्हणजे नुसता वारा गं, ताई!"

"मोठा आलास शहाणा! ठेव आधी जागेवर!"

मी हसलो. आणि मोठ्याने म्हणालो... "लिलितू."

शेजारच्या चांदीकाम करणाऱ्यांच्या हातोड्या थांबल्या...

कबुतरं थांबली.

मग... बाळाचं रडणंही थांबलं.

दाराचा पडदा स्तब्ध होता. पाळण्यावरचं कापड मात्र फुगत होतं... बसत होतं...

बाळ निळं पडलं होतं.

मी वाडगा पालथा घातला, माती लोटली. काही होईना!

"जहरून, ती नेतेय रे त्याला! कर ना काहीतरी!" ताई माझ्यावर ओरडली.

इतक्या भाषा शिकून मला एक शब्द सुचेना. मी रडत होतो.

आमच्यात प्रत्येकाला जन्मवेळेवरून एक गुप्त नाव मिळतं. ते फक्त धर्मविधीत घेतात; ज्याला ते कळतं, तो त्या माणसाला हाक मारून नेऊ शकतो. ताई दाराकडे वळली आणि तिने आपलं ते नाव जिवाच्या आकांताने ओरडून सांगितलं.

"मला ने! त्याला सोड!"

कापड खाली बसलं.

बाळ किंचाळलं.

हातोड्या पुन्हा ऐकू आल्या. नंतर कारागिरांना विचारलं, तर म्हणाले, "आम्ही थांबलोच कुठे?"

भाचा आज पन्नाशीचा आहे. ताई जेवते, चालते, पण सिमत म्हणून हाक मारली तर वळून बघत नाही. तिचं दुसरं नाव मी आजवर उच्चारलेलं नाही.

तरी रोज दुपारी कोणीतरी हाक मारल्यासारखी ती दाराकडे बघते...

"आले," म्हणते आणि उठू लागते.

म्हणून दुपारभर मी तिचा हात धरून बसतो.