सकाळी सुरू, संध्याकाळी ठप्प

गाडी सुरू झाली. तिला मागून ढकलणाऱ्यांत खुद्द भंगारवाला होता आणि सगळ्यांत जोरात टाळ्याही त्यानेच वाजवल्या.

हे तुम्ही वाचलेलं नाही. ती दोन वाक्यं इथे चुकून आली. आपण आधीच्या सोमवारपासून सुरुवात करू. तेव्हा गाडी सुरू होत नव्हती आणि भंगारवाल्याला आपण ओळखतही नव्हतो.

तर सोमवारी संध्याकाळी सहा वाजता, नाशिकला इंदिरानगरातल्या एका सोसायटीच्या आवारात, गोविंद आजोबांनी आपल्या १९८६ सालच्या मारुती आठशेची किल्ली फिरवली. गाडी म्हणाली, "टक्."

"एवढंच?" विश्वेशने विचारलं. तो अकरा वर्षांचा होता आणि गाडीकडून त्याच्या जास्त अपेक्षा होत्या.

"सकाळी तर मस्त गुरगुरत होती," त्याची मोठी बहीण सई म्हणाली.

आजोबांनी दोन वर्षं खपून ती गाडी दुरुस्त केली होती. गंज खरवडला, ब्रेक बदलले, वायर न् वायर नवी ओढली. एवढंच नाही, जन्मात कधी एसी न पाहिलेल्या त्या गाडीला त्यांनी एसीसुद्धा बसवला होता. आता रोज रात्री ते बॅटरी चार्जिंगला लावत, सकाळी गाडी झकास सुरू होई आणि संध्याकाळी "टक्".

तेवढ्यात सईचे बाबा, संतोष, ऑफिसातून आले. त्यांची स्वतःची गाडी बाहेर रस्त्यावर उभी असे, कारण पार्किंगच्या एकुलत्या एका जागेत ही म्हातारी बसली होती.

"अण्णा, आता पुरे," ते आजोबांना म्हणाले. "मी रोज संध्याकाळी येतो आणि रोज हेच बघतो. रविवारी भंगारवाला येणार आहे. त्याच्यासमोर सुरू झाली तर राहू दे. नाही झाली तर तो घेऊन जाईल."

आजोबांनी फडक्याने काच पुसली. ती आधीच पुसलेली होती.

"तुला दवाखान्यातून घरी आणलं ते हिच्यातूनच," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"मला आठवत नाही," बाबा म्हणाले.

"तू झोपला होतास."

त्याच रात्री जिन्यात तपासपथकाची बैठक झाली. पथकात सई, विश्वेश आणि शेजारची आरोही. आरोहीकडे वही होती, म्हणून ती प्रमुख.

"गाडी दुपारी मरते," आरोहीने लिहिलं. "दुपारी कोण जागं असतं?"

"आजोबा घोरतात. बाबा ऑफिसात. आणि बारा ते चार उन्हात पाऊल टाकलं तर खबरदार, असा आजीचा नियम आहे," सई म्हणाली.

"म्हणजे आपण कधी दुपारी तिकडे गेलोच नाही."

"बाबांवर संशय घ्यायचा का?" विश्वेशने विचारलं. "त्यांना ती जागा हवी आहे."

सईला हे आवडलं नाही, पण वहीत लिहिलं गेलं.

पुढचे पाच दिवस त्यांनी पुरावे गोळा केले. गाडीच्या दाराला चिकटवलेला दोरा रोज दुपारी तुटायचा. गाडीत हिंगाचा वास येऊ लागला. आणि शनिवारी मागच्या सीटखाली पांढरट, वळलेला, काडीसारखा एक तुकडा सापडला.

"कुणी हात लावू नका," आरोही म्हणाली. "विश्वेश, तो तुकडा कुठे आहे?"

विश्वेशचं तोंड बंद होतं आणि आतून कुडुमकुडुम आवाज येत होता.

"पुरावा खाल्लास?"

"खारट होता," विश्वेशने साक्ष दिली.

रविवार उजाडला. भंगारवाला पाचला येणार होता. दुपारी आजीने तिघांना सईच्या खोलीत झोपायला लावलं आणि दार ओढून घेतलं. तिघांनी दोन मिनिटं झोप घेतल्याचं नाटक केलं, मग नियम मोडून गच्चीच्या जिन्याने खाली उतरून वॉचमन भिकामामांच्या केबिनमध्ये घुसले.

"इथं काय काम?" भिकामामांनी विचारलं.

"गाडीचा चोर पकडायचाय."

"चोर कुठला? हितं कुणी येत नाय."

आणि त्याच क्षणी डोक्यावर पदर आणि हातात परात घेऊन सईच्या मालिनी आजी गाडीपाशी आल्या. त्यांनी दार उघडलं, परात आत ठेवली, किल्ली अर्धी फिरवलेलीच आहे ना ते पुढे वाकून पाहिलं. गाडीतून घूंऽऽ असा पंख्याचा आवाज येत होता.

"मामा! आजी रोज येते?"

"रोज येत्यात की. आज बारापासनं ही तिसरी खेप."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही चोराचं इचारत हुता. त्या मालकीण हायेत."

तिघं धावत गाडीपाशी गेले. मागच्या सीटवर, पुढच्या सीटवर, डॅशबोर्डवर पांढऱ्या धोतराच्या घड्या आणि त्यांवर ओळीने मांडलेल्या कुरडया. उन्हात बंद काचांची गाडी भट्टीसारखी तापली होती आणि एसीचा पंखा वारा घालत होता.

"उन्हात कशाला आलात?" आजी म्हणाल्या. सवयीने त्यांनी आधी तेच विचारलं.

"आजी, हे काय?"

"गच्चीवर कबुतरं आहेत. मागच्या वर्षी अर्ध्या कुरडया त्यांनी खाल्ल्या. तुमची वेदिका आत्या मनमाडहून दर फोनला विचारते, आई, कुरडया झाल्या का? इथे एक कण जात नाही बघ. आणि मी गाडी कुठे चालू केली? इंजिन बंदच आहे. पेट्रोलचा थेंब जळत नाही."

"पेट्रोल नाही, आजी, बॅटरी जाते," सई हळूच म्हणाली. "रोज दुपारी तीन तास. म्हणून संध्याकाळी टक्."

आजींनी पंखा बंद केला. मग त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या.

"म्हणजे रोज मीच," त्या म्हणाल्या. "आणि ते रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वायरी तपासत बसायचे."

"अजून पाच वाजायला वेळ आहे," आरोही म्हणाली. "तोवर चार्जिंग."

पण मोठ्या माणसांना वेळेचं भान नसतं. फाटकातून टेम्पो आत आला. भंगारवाला अमित, दोन तास लवकर. त्याच्या शेजारी बाबा. आवाजाने आजोबाही बनियनवर खाली आले.

बाबांनी गाडीचं दार उघडलं. "अण्णा, ही नवी सीट कव्हरं का?"

आजींनी सगळं सांगून टाकलं. लपवलं काहीच नाही, पदरसुद्धा डोळ्यांना लावला नाही. आजोबांनी ऐकलं, एक कुरडई उचलली, वाकवली, ती मोडली.

"छान वाळल्यात," ते म्हणाले. आणि किल्ली फिरवली.

"टक्."

"ठरल्याप्रमाणे," बाबा पुटपुटले, पण गाडीकडे न बघता.

"ठरलं होतं, सुरू झाली तर राहील," सई म्हणाली. "किल्लीनेच सुरू व्हायला हवी असं कुठे ठरलं होतं? धक्का देऊन चालेल. आरोही, वहीत बघ."

आरोहीने वही उघडली. "तसं लिहिलेलं नाही," ती गंभीरपणे म्हणाली. तिने ते कधी लिहिलंच नव्हतं.

आजोबा दारातून बाजूला झाले. "संतोष, तू बस. दुसरा गिअर. मी सांगेन तेव्हा क्लच सोड."

बाबा कुरडयांच्या मधोमध जागा करून बसले. मागे आजोबा, आजी, भिकामामा, तीन मुलं. गाडी तसूभर हलली. अमितने चपला काढल्या. "सरका जरा, असं ढकलत नसतात," तो म्हणाला आणि खांदा लावला.

"सोड!"

गाडीने एक गचका खाल्ला, ढुर्रर केलं आणि सुरू झाली. अमितने टाळ्या वाजवल्या. मग आपण इथे कशाला आलो होतो ते त्याला आठवलं.

बाबा पाथर्डी फाट्यापर्यंत फेरी मारून आले. खाली उतरले तेव्हा त्यांच्या शर्टाला कुरडया चिकटल्या होत्या आणि ते हसत होते. "आता आठवणीत राहील," ते आजोबांना म्हणाले. "या वेळी झोपलो नव्हतो." त्यांनी तिन्ही मुलांच्या पाठीवर थाप दिली. अमित किलोभर कुरडया घेऊन रिकाम्या टेम्पोने परतला.

"तपास चांगला केलात," आजी म्हणाल्या. "पण उन्हात गेलात ते विसरणार नाही."

संध्याकाळी तपासपथकाने एक अर्ज लिहिला:

*मा. परिवहन अधिकारी, नाशिक यांस. विनंती अर्ज करतो की, आमच्या आजोबांच्या वाहनाच्या नोंदणी पुस्तकात 'वापर' या रकान्यात 'खासगी' या शब्दापुढे 'व कुरडया (फक्त उन्हाळ्यात, इंजिन व पंखा बंद असताना)' अशी नोंद करून मिळावी. सोबत नमुना म्हणून चार कुरडया जोडल्या होत्या. त्या अर्जदार क्रमांक तीन, विश्वेश, यांनी तपासून संपवल्या आहेत. तरी नमुन्याशिवाय मंजुरी मिळावी ही विनंती. कळावे.*