एक तरी खोट

बस निघालीच होती. खडकी बाजाराच्या कोपऱ्यावर उत्तरेश्वरने पहिला गिअर टाकला आणि तेवढ्यात आरशात ती दिसली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात तुटलेली चप्पल, आणि लंगडत धावणं चाललेलं.

उत्तरेश्वर मूळचा बार्शीचा. सैन्यात ट्रक चालवून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. आता हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीची बस चालवायचा. वेळ म्हणजे वेळ! उशीर करणाऱ्या इंजिनिअर पोरांना धुरळ्यात उभं करून तो खुशाल निघून जाई. त्या दिवशी मात्र पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"मेहेरबानी आपली!" ती धापा टाकत पायरी चढली. "मला वाटलं, थेट सीमेवर निघालात. शत्रू पळून जाईल की काय!"

"शत्रू थांबतो हो, मॅडम," तो गाडी पुढे काढत म्हणाला. "तुमचे साहेब थांबत नाहीत."

ती खळखळून हसली. थंडीचे दिवस, काचांवर दव साचलेलं... उत्तरेश्वरला उगाचच बरं वाटलं.

तिचं नाव प्रियदर्शनी. कंपनीत हिशेब विभागात होती. दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेल्या श्रीधररावांची थोरली मुलगी. वडिलांचं दुखणं आणि धाकट्या भावाचं शिक्षण निस्तरता निस्तरता तिशी उलटून गेली, लग्नाचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवसापासून ती दाराजवळच्या पहिल्या बाकावर बसू लागली. आणि बसमधला आरसा, कुणास ठाऊक कसा, थोडा कलता झाला.

"आरसा कशासाठी असतो हो, हवालदार?" एक दिवस तिने विचारलंच.

"मागचं बघायला."

"मी तर पुढे बसते. मग मी कशी दिसते त्यात?"

त्याचे कान लाल झाले. "रस्ता खराब आहे... हलतो तो."

"रोज माझ्याचकडे हलतो?"

बार्शीहून शेंगांच्या पोळ्या आल्या की त्यातल्या दोन कागदात गुंडाळून त्या बाकावर ठेवलेल्या असत. ती विचारायची नाही, तो सांगायचा नाही. संध्याकाळी उतरताना ती नुसती म्हणे, "गूळ जरा कमी होता हं!" — आणि पुढच्या खेपेला तो जास्त असे.

बोलून टाकावं असं त्याला रोज वाटे. पण द्वारका, त्याची बायको, गेली तेव्हा तो आसामात होता. माती सावडून झाल्यावर घरी पोचला. तेव्हापासून लेक तनुजा एवढंच त्याचं घर. ती कॉलेजात होती. आज ना उद्या तिच्यासाठी स्थळं येतील, आणि लोक म्हणतील, बापालाच बाशिंगाची घाई! आधी तिचं होऊ दे, मग बघू... असं म्हणत तो गप्प राहिला.

शिवाय गावाची कामं. कुणाच्या मयताला खांदा, कुणाच्या पोरीचं लग्न, कुणा जवानाच्या विधवेचं पेन्शन, सगळीकडे हवालदार पुढे. सैन्य सुटलं, पण लष्कराच्या भाकरी भाजायचं काही सुटलं नाही. म्हणूनच एका रविवारी श्रीधरराव त्याच्या खोलीवर आले.

"हवालदार, प्रियाला नाशिकचं स्थळ आलंय. योगेश नावाचा मुलगा आहे, सरकारी नोकरीत. तुम्ही जाऊन चौकशी करून या. तुमचा शब्द तो आमचा शब्द."

नाही म्हणायची सवय नव्हती त्याला. "जातो की," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हिंजवडीला सगळे उतरले, ती मागे राहिली.

"नाशिकला जाताय म्हणे?"

"हो..."

"नीट बघा हं. दारू पीत असेल, तापट असेल, निदान घोरत तरी असेल." ती दाराचा दांडा धरून थांबली. आता ती हसत नव्हती. "एक तरी खोट काढा ना, हवालदार... माझ्यासाठी."

तिला काय म्हणायचंय ते त्याला समजलं. पुरतं समजलं.

नाशिकला तो पानाच्या टपरीवर गेला. टपरीवाला म्हणाला, "तो? सुपारीसुद्धा खात नाही." कचेरीतल्या शिपायाने कानाला हात लावला, साहेब पैसे खात नाहीत म्हणून. शेजारच्या वेणूबाईंनी तर डोळ्यांना पदर लावला, "आमच्या म्हाताऱ्याला दवाखान्यात त्यानेच खांद्यावरून नेलं हो."

परतीच्या एसटीत त्याने खोटं जुळवून पाहिलं. जुगार खेळतो म्हणावं. एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण भल्या माणसाच्या नावाला बट्टा लावायचा, तोही ज्यांनी विश्वास टाकला त्यांच्याच घरात बसून? जीभ रेटेना. खरं सांगूनही एक गोष्ट सांगता आली असती: 'माणूस चांगला आहे, पण श्रीधरराव, मीही तुमच्या मुलीला मागणी घालतोय.' त्याला खोटं बोलावं लागलं नसतं. नुसतं धैर्य लागलं असतं, आणि गोळीबारात ट्रक घातलेल्या त्या माणसापाशी तेवढं निघालं नाही.

"माणूस सोन्यासारखा आहे," श्रीधररावांच्या बैठकीत तो म्हणाला. "खोट काढायला जागा नाही."

आतल्या दारात ती चहाचा ट्रे घेऊन उभी होती. सगळ्यांच्या हातावर साखर पडली, त्याच्याही.

घरी तनुजाने त्याचा चेहरा पाहिला आणि पुस्तक मिटलं.

"पप्पा, शेंगांच्या पोळ्या कुणासाठी मागवत होता, ते मला कळत नव्हतं का?"

"तुझ्या लग्नाचं बघायचं होतं गं... लोक काय म्हणाले असते?"

"माझं निमित्त करू नका. मला एकदा विचारायचं तरी! मी अक्षता घेऊन पुढे उभी राहिले असते."



लग्नासाठी प्रियदर्शनीने नोकरी सोडली; शेवटच्या दिवशी ती त्याच बाकावर बसली होती. बारीक पाऊस होता, वायपर करकरत होता. खडकीला बस रिकामी झाली, तेव्हा ती उठली.

"चौकशी नीट केली नाहीत तुम्ही, हवालदार."

"म्हणजे?"

"खोट होती की त्याच्यात. एकच." ती पायरी उतरली आणि वळली. "तो तुम्ही नव्हता."

लग्नात वऱ्हाडाच्या पंगती उत्तरेश्वरनेच वाढल्या. सगळे म्हणाले, हवालदार होते म्हणून कार्य पार पडलं.

सोमवारी खडकी बाजाराच्या कोपऱ्यावर बस थांबली ती थांबलीच.

"काका, चला ना! कुणाची वाट बघताय?" मागून पोरं ओरडली.

आरसा सरळ करायला त्याने हात वर नेला. पहिलं बाक त्यात पूर्ण दिसत होतं. त्याने हात खाली घेतला, गिअर टाकला, आणि जन्मात पहिल्यांदा बस उशिरा सोडली.